तंबूतला प्रेक्षक पुस्तकात कधी येणार?

रामसे बंधूंच्या भुतांवर आता पुस्तकांची बऱ्यापैकी रांग लागली आहे. पीट टूम्स या ब्रिटिश लेखकाने १९९७ मध्ये ‘मोन्डो मकाब्रो’ या पुस्तकात जगभरचे विचित्र सिनेमे गोळा केले, त्यात रामसेंनाही जागा दिली. २०१७ मध्ये शाम्य दासगुप्ता यांचं ‘डोन्ट डिस्टर्ब द डेड’ आलं. २०२४ मध्ये कार्तिक नायर यांचं ‘सीइंग थिंग्ज’ आलं. शिवाय नव्वदच्या दशकातल्या स्वस्त हिंदी सिनेमांवरची ‘सिनेमा मरते दम तक’ ही मालिका २०२३ पासून प्राइमवर आहेच. हे सगळं मी आवडीने वाचलं-पाहिलं आहे. तरीही माझं या रांगेशी भांडण आहे. हे सिनेमे ज्यांच्या तिकिटांवर जगले, ती माणसं या पुस्तकांमध्ये ‘बी आणि सी सेंटर’ एवढ्या चार शब्दांत उरकली जातात. विटा, जत, कराड, दहिवडी, सगळं त्या चार शब्दांत.

ज्यांनी रामसे फक्त मीममध्ये पाहिलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एफ. यू. रामसे यांचं मुंबईत लॅमिंग्टन रोडला रेडिओचं दुकान होतं. त्यांना सात मुलगे. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला. पण त्यातल्या एका प्रसंगाला थिएटरात लोक दचकत होते. मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करायला येतात, तो प्रसंग. मुलांनी ते बघितलं आणि ठरवलं, आता पूर्ण सिनेमाच भीतीचा करायचा. म्हणजे या घराण्याचा धंदा सुरू झाला तो खुर्चीतल्या माणसाकडे नीट बघण्यातून. त्यांच्यावर लिहिणाऱ्यांनी मात्र कॅमेऱ्यामागच्या माणसांकडे बघितलं आणि खुर्चीकडे पाठ केली.

पुढचा भाग आपल्या जिल्ह्यातला आहे. १९७२ चा ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ हा त्यांचा पहिला पूर्ण भयपट महाबळेश्वरात चित्रित झाला. नट, तंत्रज्ञ आणि घरची माणसं बसमध्ये घालून वर नेली, सरकारी गेस्ट हाऊसमध्ये उतरवली, जेवण घरच्या बायकांनी रांधलं आणि साडेतीन लाखांच्या आसपास सिनेमा उरकला. आज वाईला गेलात तर मेणवलीच्या घाटावर ‘स्वदेस’ची जागा कुणीही दाखवेल. ‘दो गज़’चं नाव काढलं तर लोक हसतात. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतचं भिलार २०१७ पासून ‘पुस्तकांचं गाव’ आहे. खाली वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे. ज्ञान आणि पुस्तकं यांच्या इतक्या शेजारी हा सिनेमा जन्मला, आणि मराठी पुस्तकाने त्याला साधं ‘कोण, कुठला’ म्हणून विचारलेलं माझ्या तरी हाती लागलेलं नाही.

आता ‘कल्ट’ या शब्दाकडे वळू. ‘मोन्डो मकाब्रो’ याच नावाच्या डीव्हीडी कंपनीने ‘पुराना मंदिर’ आणि ‘बंद दरवाज़ा’ परदेशी संग्राहकांसाठी काढले. त्यांना त्यात गंमत दिसली: रबरी मुखवटे, निळा-लाल उजेड, मधेच जगदीपचा विनोद. तिकडचं प्रेम खरं आहे, आणि त्यांच्यामुळे प्रिंट वाचल्या हेही खरं. पण आपल्याकडचा शहरी प्रेक्षक तेच हसू उसनं घेऊन आला. ‘इतका वाईट की भारी’ असं म्हणताना आपण त्या सिनेमाला वाईट म्हणतो आणि तो मनापासून बघणाऱ्याला बावळट. सिनेमा ‘कल्ट’ ठरतो तेव्हा त्याचा पहिला प्रेक्षक त्यातून वजा झालेला असतो. माझं मूळ भांडण या वजाबाकीशी आहे.

माझे मामा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. ऐंशीच्या दशकात ते टुरिंग टॉकीजवर ऑपरेटर होते. खरसुंडी, पुसेगाव, जिथे जत्रा तिथे तंबू. गेल्या दोन वर्षांत मी त्यांच्याशी तासन्‌तास बोललो, फोनवर रेकॉर्ड करून ठेवलं. त्यातल्या तीन गोष्टी सांगतो. या मला कुठल्याच पुस्तकात भेटल्या नाहीत.

पहिली. भुताचा सिनेमा त्यांच्या तंबूत शेवटच्या खेळाला लागायचा. मला वाटलं, वातावरणनिर्मितीसाठी. मामा म्हणाले, “आरं, कसलं वातावरण? लांबच्या गावची माणसं. रातच्याला यष्टी न्हाई. शिनेमा सुटला तरी पहाटंपतोर तंबूतच पडायची. भ्याली तरी जात्यात कुठं?” म्हणजे भीती संपवून घरी जायची सोयच नव्हती. दोनशे माणसं एकमेकांना खेटून, अंधारात, पहिल्या एसटीची वाट बघत. हा अनुभव हेडफोन लावून यूट्यूबवर येत नाही, आणि मल्टिप्लेक्सातही येत नाही.

दुसरी. जत्रेत येईपर्यंत प्रिंट पार झिजलेली असायची. रीळ तुटलं की ब्लेडने खरवडायचं, सोल्युशन लावून जोडायचं, दर वेळी चार-दोन फ्रेम जायच्या. मामांच्या ‘पुराना मंदिर’मध्ये सुरुवातीचं एक अख्खं रीळ गायब होतं. सामरी कोण, त्याचं मुंडकं पेटीत का, हे न कळताच लोक सिनेमा बघायचे आणि मधल्या जागा आपापल्या वेताळ-मुंजाने भरायचे. खरसुंडीत पाहिला गेलेला सिनेमा डीव्हीडीवरच्या सिनेमापेक्षा वेगळा होता. मग ‘पुराना मंदिर’वर लिहिणारा नक्की कोणत्या सिनेमावर लिहितो?

तिसरी गोष्ट ऐकून मी गप्प झालो. ‘पुराना मंदिर’मध्ये शाप असा आहे की त्या घराण्यातली बाई बाळंतपणात मरणार. समीक्षक याला कथानकाची जुनाट युक्ती म्हणून सोडून देतात. मामा म्हणाले, “पुरुषांच्या बाजूला आंघोळीच्या शीनला शिट्ट्या. पर बाळंतपणाचा शीन आला की बायांची बाजू एकदम चिडीचूप. त्यातल्या निम्म्या बायांच्या घरात तसली एक तरी गेलेली.” सामरी रबराचा होता, पण बाळंतपणातलं मरण त्यांच्या ओळखीचं होतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात कोड लिहिणाऱ्याची मुलाखत घेऊन सिस्टिम कशी चालते ते कळत नाही. ती प्रॉडक्शनला गेल्यावर रात्री दोन वाजता काय झालं, हे लॉगमध्ये सापडतं. या सिनेमांवरची पुस्तकं म्हणजे कोड लिहिणाऱ्यांच्या उत्तम मुलाखती आहेत. नायर यांनी तर कापलेली दृश्यं, फसलेला मेकअप, खराब प्रिंट यांतूनच इतिहास वाचून दाखवला, आणि ते मोठं काम आहे. पण लॉग मामांसारख्यांच्या डोक्यात आहेत आणि त्यांचा बॅकअप कुणी घेतलेला नाही.

असं पुस्तक होऊ शकतं का? झालेलं आहे. लोट्टे हूक या अभ्यासक बाईंनी २०१४ मध्ये ‘कट-पीसेस’ हे पुस्तक लिहिलं. बांगलादेशातल्या स्वस्त मारधाडपटांत अश्लील तुकडे कसे जोडले जातात, हे बघायला त्या एका सिनेमाच्या मागे लिखाणापासून लहान गावच्या थिएटरापर्यंत गेल्या. त्या हसल्या नाहीत आणि नाकही मुरडलं नाही. ढाक्याच्या सिनेमाला हे मिळतं, तर आपल्या तंबूला का नको? आपल्याकडच्या फिरत्या सिनेमावर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला, २०१६ मध्ये कानला त्याची दखल घेतली गेली. त्या तंबूंची भाषा मराठी होती. मराठी प्रकाशकाला अजून त्यात पुस्तक दिसलेलं नाही. एका प्रकाशकाकडे मी ही कल्पना नेली होती. उत्तर आलं, “यात साहित्यमूल्य काय?”

हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे. त्यांनी कुलकर्णीपण सोडून तमाशाचा फड धरला, तेव्हा सभ्य लोकांनी नाकं मुरडली. आज त्यांच्या लावण्यांवर अभ्यास होतो. त्याच तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांनी तमाशाचं लोकनाट्य केलं. ज्या करमणुकीला आज हलकं म्हणतो तिच्यावर उद्या प्रबंध लिहितो, फक्त तोवर ती जगलेली माणसं गेलेली असतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. या सिनेमांनी बाईचं शरीर विकलं, मग त्यांचे गोडवे का गायचे? गाऊच नयेत. म्हणूनच तर मला चाहत्यांची पुस्तकं पुरत नाहीत. आंघोळीच्या दृश्यातल्या मुलीला पैसे किती मिळाले, तिने नाही म्हटलं असतं तर काय झालं असतं, तंबूत त्या वेळी शेजारच्या कनातीत बसलेल्या बायकांना काय वाटलं, हे विचारणारं पुस्तक हवं. ‘काय धमाल दिवस होते’ म्हणणारा लेखक हे विचारणार नाही. ‘कचरा आहे’ म्हणणारा तर तिथवर पोचणारच नाही.

आणि वेळ कमी आहे. तुलसी रामसे २०१८ मध्ये गेले, श्याम रामसे २०१९ मध्ये. त्यांच्या मुलाखती निदान छापून झाल्या. मामांचं वय आता सत्तरीपुढे आहे. त्यांच्याबरोबरच्या दोन ऑपरेटरपैकी एक गेले, दुसऱ्यांना नीट ऐकू येत नाही. पोस्टर रंगवणारे, जीपवर भोंगा लावून गावोगाव ओरडणारे, तिकिटं फाडणारे, यांच्यावर कोण लिहिणार? पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला त्यांचा पत्ता मिळायला वर्ष लागेल. तुम्हाला एक फोन लागेल, कारण तो माणूस तुमचा चुलता, शेजारी किंवा गावच्या पिठाच्या गिरणीवाला आहे.

तेव्हा पुस्तकाची वाट बघू नका. तुमच्या तालुक्यात तंबू कुठे लागायचा, शेवटच्या खेळाला कोणता सिनेमा असायचा, बायका कोणत्या बाजूला बसायच्या, तिकीट किती होतं, प्रिंट कुठून यायची, एवढे पाच प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा. घरात आजी असेल तर आधी आजीला विचारा. पुरुषांच्या बाजूला काय झालं, ते सांगायला मामांसारखे बरेच भेटतील. बायकांच्या बाजूची ती शांतता कशी होती, हे मामाही लांबूनच सांगतात.