पुनर्निर्मितीची मर्यादा

भिलईनजीकच्या गनियारी गावच्या तीजनबाई पंडवानी सांगत, तेव्हा हातातला तंबुरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचा रथ. कापालिक शैलीत एवढे स्वातंत्र्य असतेच. द्यूतात हरलेली बाजी मात्र तिथेही हरलेलीच राहते. जपानी भूमिकाप्रधान व्हिडिओ गेमच्या पुनर्निर्मितीलाही हीच कसोटी लावली पाहिजे. १९८७ च्या ‘फायनल फँटसी’त सहा पेशांतून चार योद्ध्यांची तुकडी प्रारंभीच निवडावी लागे, पुढे ती बदलता येत नसे. प्रत्येक श्रेणीचे मंत्र मोजक्याच वेळा वापरता येत. साहजिकच गुहेच्या तळाशी पोचेतो खेळणारा एकेक मंत्र कृपणासारखा राखी. २००४ च्या आवृत्तीने ही मोजणी काढून प्रत्येकाला मंत्रशक्तीचा एकच साठा दिला. पातळ्याही भराभर चढू लागल्या. चित्रे सुधारली, हे खरे, पण भय गेले, आणि या खेळाची कथा त्या भयातच होती (संवाद त्यात असे किती होते?). २०२१ च्या आवृत्तीत जुनी मोजणी परत आली, ती उगीच नव्हे. २०२३ मध्ये अनुभवगुण चौपट करण्याची सोय जोडली गेली. ती ऐच्छिक आहे, एवढेच तिचे समर्थन.