कितवा नंबर आला?

निकाल लागला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘कितवा नंबर आला?’ काय शिकलीस, काय वाचलेस, हे विचारणारा विरळा. माझ्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. अशा घरात तर हा प्रश्न फार आस्थेने विचारला जातो, कारण शिक्षण मोजण्याचे दुसरे माप त्या माणसांच्या हाती कुणी दिलेलेच नाही. विचारणाऱ्यांना मी दोष देत नाही. पण या एकाच मापाने माणूस मोजता येतो का? मला वाटते, येत नाही. आणि ते का, हे एका टेनिसपटूच्या उदाहरणाने मांडावेसे वाटते.

ऋतुजा भोसले ही श्रीरामपूरची, म्हणजे आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात जन्मलेली. ३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडास्पर्धेत मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक तिने रोहन बोपण्णाच्या जोडीने जिंकले. अंतिम सामन्यात चिनी तैपेईच्या जोडीने पहिला सेट ६-२ असा सहज घेतला होता. दुसरा या दोघांनी ६-३ ने परत मिळवला आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकला. त्या स्पर्धेत टेनिसमधले भारताचे हे एकमेव सुवर्ण.

आता तेच आपले माप लावून पाहा. हे पदक गळ्यात पडले तेव्हा ऋतुजा जगातल्या पहिल्या शंभर खेळाडूंत नव्हती. एकेरीत तर तिनशेच्या आसपास आणि त्याहीपलीकडे तिची वर्षे गेली. आपल्या गावात कुणी ‘माझा तीनशेवा नंबर आला’ असे सांगितले, तर लोक त्याची समजूत काढू लागतील!

टेनिसमध्ये हा क्रमांक कसा ठरतो, हे समजून घेण्यासारखे आहे. सामने जिंकत जाल तसे गुण मिळतात. ते बावन्न आठवडे टिकतात आणि मग गळून पडतात. म्हणजे गेल्या वर्षी मिळवलेले यंदा पुन्हा मिळवायचे. विम्बल्डनच्या बातम्या आपण वाचतो. पण मागच्या क्रमांकाच्या खेळाडूंचे आयुष्य जाते ते लहान स्पर्धांत. त्यांतल्या सर्वांत लहान स्पर्धेची एकूण बक्षिसाची रक्कम पंधरा हजार डॉलर, आणि तीही सगळ्यांत वाटली जाते. पहिल्याच फेरीत हरणाऱ्या मुलीच्या हाती दीडशे डॉलरच्या आसपास पडतात, गुण एकही नाही. प्रवास, मुक्काम, रॅकेटच्या तारा यांचा खर्च बहुधा स्वतःचाच. टाळ्या वाजवायला कुणी नाही आणि वर्तमानपत्रात ओळही नाही. अशा स्पर्धांत वर्षानुवर्षे खेळत राहणे, याला आपण काय म्हणणार? अपयश?

कुणी म्हणेल, पदक बोपण्णामुळे मिळाले. तो मोठा खेळाडू, हे खरेच. पुढे जानेवारी २०२४ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, तो दुहेरीत जगात पहिला झाला. पण त्याच हांगझोऊला पुरुष दुहेरीत तो लवकर हरला होता. दुहेरीत एकट्याचे मोठेपण पुरत नाही. दुसऱ्या बाजूचा चेंडू दुसऱ्यालाच परतवावा लागतो.

इटलीच्या यानिक सिनरचे उदाहरणही असेच आहे. डोंगरातल्या लहान गावचा मुलगा. वडील स्वयंपाकी, आई वाढपाचे काम करणारी. तेराव्या वर्षी तो टेनिससाठी घर सोडून गेला. २०१९ साली, सतराव्या वर्षी, बेर्गामो येथील मधल्या दर्जाची स्पर्धा त्याने जिंकली, तेव्हा त्याचा क्रमांक पाचशेच्याही पलीकडे होता. जून २०२४ मध्ये तो जगात पहिला आला. बेर्गामो इटलीतच आहे, हे ध्यानात घ्यावे. त्या देशात अशा मधल्या स्पर्धा पुष्कळ भरतात. पाचशेव्या क्रमांकाच्या मुलाला घराजवळ संधी मिळते. पहिला नंबर असा आभाळातून पडत नाही.

आपल्या विंचूरला कांद्याचे लिलाव होतात. एक नंबरचा माल वेगळा, गोल्टी वेगळी, खाद वेगळी. कांद्याच्या बाबतीत ते योग्यच आहे, कारण गोल्टी काही पुढच्या आठवड्यात मोठी होत नाही. माणसाचे तसे नाही. तरीही आपण अठराव्या वर्षीच मुलांची प्रतवारी करून मोकळे होतो!

‘खेळ की अभ्यास?’ हा प्रश्नही त्याच प्रतवारीतून आलेला. ऋतुजा अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकली आणि त्याच विद्यापीठाच्या संघातून खेळली. पुढे २०२० साली फेड करंडकात भारत प्रथमच प्ले-ऑफपर्यंत पोचला, त्या संघात सानिया मिर्झा, अंकिता रैना यांच्याबरोबर तीही होती. शिक्षणाने तिचा खेळ बुडाला नाही. आपल्याकडे मात्र शाळेत खो-खो गाजवणाऱ्या माझ्या मैत्रिणी बारावीनंतर मैदानावर दिसत नाहीत. नोकरीला, प्रवेशाला यादी लागते हे मला मान्य आहे. पण यादी एका दिवसाचा हिशेब सांगते. पुढे कोण टिकेल ते ती सांगू शकत नाही.

म्हणून आपल्या प्राध्यापकांना आणि मित्रमैत्रिणींना एक विनंती. मुलींचा सराव संध्याकाळी ठेवला की शेवटच्या एसटीच्या धाकाने निम्म्या मुली नाव देत नाहीत. तो सकाळी, तासांच्या आधी ठेवावा. स्नेहसंमेलनात ढाल जिंकणाऱ्यांचा सत्कार जरूर व्हावा. पण तीन वर्षे संघात राहून एकदाही ढाल न मिळवलेल्या मुलीलाही व्यासपीठावर बोलवावे. आणि ती घरी गेल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांनी नंबर विचारण्याआधी एवढे विचारावे : ‘पुढच्या वर्षी खेळणार ना?’