पोटदुखी, शस्त्रक्रिया आणि संतति

कांहीं दुखणीं अशीं असतात कीं, त्यांची वाच्यता माजघरापलीकडे होत नाहीं. मासिक पाळीच्या दिवसांतील असह्य पोटदुखी हें त्यांपैकींच एक. दरमहा दोन-तीन दिवस गैरहजर राहणाऱ्या मुली आम्हीं शाळेंत पाहिल्या आहेत. घरच्या चिठ्ठींत "प्रकृति बरी नाहीं" एवढेंच असे. "बाईच्या जन्माला आलें कीं हें चालायचेंच," या समजुतीखालीं जे रोग वर्षानुवर्षें झांकले जातात, त्यांत एंडोमेट्रिऑसिस हा प्रमुख होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें प्रजननक्षम वयांतील सुमारें १० टक्के स्त्रियांस तो असतो.

या रोगावर शस्त्रक्रिया केल्यास पुढें मूल होण्याची आशा वाढते कीं घटते, असा प्रश्न अनेक कुटुंबांस पडतो. ती वाढूंही शकते व घटूंही शकते. हें द्विविध उत्तर ज्यांनीं आधींच समजून घेतलें, त्यांची पुढें फसगत होत नाहीं. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

गर्भाशयाच्या आंतील अस्तर दरमहा गळून स्रावावाटे बाहेर जातें. तशाच पेशींचे समूह गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशयावर, आंतड्याजवळ किंवा पोटाच्या आंतील पडद्यावर वाढले, तर तेही ऋतुचक्राप्रमाणें सुजतात व त्यांतून रक्त झिरपतें. त्या रक्तास बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळें दाह होतो व अवयव एकमेकांस चिकटतात. अंडाशयांत असें जुनें रक्त सांचून गांठ झाली म्हणजे तिच्या रंगावरून तिला "चॉकलेट सिस्ट" म्हणतात. अमेरिकेंतील ऑल्बनी येथील डॉ. जॉन सॅम्प्सन यांनीं १९२१ सालीं या गांठींचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. पाळीचें कांहीं रक्त नलिकांवाटे उलट पोटांत जाऊन त्यांतील पेशी तेथें रुजतात, ही त्यांची १९२७ सालची उपपत्ति आजही विचारांत घेतली जाते; तथापि तिनें सर्व गोष्टींचा उलगडा होत नाहीं.

प्रथम लाभाची बाजू पाहूं. चिकटलेल्या नलिका व अंडाशय मोकळे केल्यानें स्त्रीबीजास वाट मिळूं शकते. रोग सौम्य असतांनाही शस्त्रक्रियेचा उपयोग होतो काय, हें कॅनडांतील वैद्यांनीं तपासून १९९७ सालीं प्रसिद्ध केलें. मूल न होणाऱ्या ३४१ स्त्रियांचे त्यांनीं दोन गट केले. एका गटांत दुर्बिणीनें केवळ तपासणी केली. दुसऱ्यांत रोगट भाग काढले किंवा जाळले. पुढील ३६ आठवड्यांत गर्भ राहून तो २० आठवडे टिकण्याचें प्रमाण पहिल्या गटांत सुमारें १८ टक्के, तर दुसऱ्यांत सुमारें ३१ टक्के आढळलें. लाभ झाला, हें खरें. परंतु शस्त्रक्रिया होऊनही दहांपैकीं सात जणींस त्या मुदतींत फळ मिळालें नाहीं, हेंही तितकेंच खरें. शिवाय १९९९ सालच्या इटलींतील एका लहान अभ्यासांत असा लाभ दिसूनच आला नाहीं.

आतां हानीची बाजू. स्त्रीबीजांचा सांठा जन्मतःच ठरलेला असतो. जन्मवेळीं दहा ते वीस लाख असलेलीं बीजें वयांत येईपर्यंत तीन-चार लाखांवर येतात, व पुढें त्यांत भर पडत नाहीं. कणगींत धान्य एकदांच भरावयाचें व जन्मभर पुरवावयाचें, असा हा प्रकार आहे. चॉकलेट सिस्ट नुसती रिकामी केली तर ती पुन्हां भरते. वेष्टणासकट काढली तर ती पुन्हां होण्याचा संभव कमी, व नैसर्गिकरीत्या गर्भ राहण्याचा संभव अधिक. परंतु वेष्टणाबरोबर अंडाशयाचा निरोगी भागही थोडाबहुत निघून येतो. बुरशीचा थर खरवडतांना चार चांगले दाणे हातीं यावेत, तसेंच हें. रक्तांतील ए.एम.एच. या द्रव्यावरून सांठ्याचा अंदाज करतात. तें अशा शस्त्रक्रियेनंतर उतरलेलें आढळतें. गांठी दोन्ही अंडाशयांत असल्या, किंवा तीच शस्त्रक्रिया दुसऱ्यांदा करावी लागली, तर हा धोका वाढतो. म्हणूनच युरोपांतील प्रजननवैद्यकाच्या 'ईश्रे' या संस्थेनें २०२२ सालीं सांगितलें कीं, केवळ आय.व्ही.एफ.चें यश वाढावें म्हणून अशी गांठ सरसकट काढूं नये.

तेव्हां शस्त्रक्रियेस संमति देण्यापूर्वीं डॉक्टरांस कांहीं प्रश्न अवश्य विचारावेत. शस्त्रक्रिया वेदनेसाठीं कीं संततीसाठीं? स्त्रीचें वय काय व बीजांचा सांठा किती? नलिका मोकळ्या आहेत काय? बीजें आधीं काढून गोठवून ठेवणें इष्ट आहे काय? आणि पतीच्या वीर्याची तपासणी झाली आहे काय? हा शेवटचा प्रश्न आमच्या घरांत सर्वांत उशिरां विचारला जातो; वास्तविक तो पहिला असावा. शस्त्रक्रियेनंतर नैसर्गिकरीत्या किती वाट पाहावी हें ठरविण्यासाठीं २०१० पासून शून्य ते दहा गुणांचा एक कोष्टक उपलब्ध आहे. त्यांत वय, वंध्यत्वाचीं वर्षें व नलिकांची स्थिति यांचा हिशेब असतो. त्याचीही चौकशी करावी.

शेवटीं वडील मंडळींस दोन शब्द. "लग्न करून द्या, एक मूल झालें कीं पोट दुखायचें थांबेल," हा सल्ला अजूनही ऐकूं येतो. गरोदरपणांत पाळी थांबते, म्हणून कित्येकींची वेदनाही थांबते. पुढें ती अनेकींस पुन्हां सुरू होते. कोणा मावशीचें दुखणें बाळंतपणानंतर गेलें असेल, तर तो काकतालीय न्याय समजावा. केवळ औषध म्हणून गर्भधारणेचा सल्ला देऊं नये, असें उपरोक्त संस्थेनेंही स्पष्ट म्हटलें आहे. दुसरें असें कीं, शस्त्रक्रिया होऊन आलेल्या सुनेस दर महिन्यास "कांहीं विशेष?" असें विचारणें सोडून द्यावें. शस्त्रक्रिया हें संततीचें वचन नव्हे. आणि ती निष्फळ झाली तर तो सुनेचा अपराधही नव्हे. ज्या देहावर शस्त्र चालावयाचें तो तिचा आहे; म्हणून सर्व माहिती तिला मिळावी व निर्णय तिनेंच करावा. मूल होवो वा न होवो, तिचा घरांतील मान यत्किंचितही उणा होणार नाहीं, हें सासूसासऱ्यांनीं तिला शस्त्रक्रियेच्या आधींच स्पष्ट शब्दांत सांगावें.