मोडायचं कशाला?

"ताई, ही कपाटं काढूनच टाका," म्हणत सुतार ट्रॉल्यांचा ६५ हजारांचा आकडा सांगून गेला. घरच्यांनीही माना डोलावल्या. मी मात्र दारं ठोकून पाहिली. वाळवी नाही, प्लाय फुगलेला नाही. खराब काय, तर वरचा रंग! मग मोडायचं कशाला?

दारं उतरवली, मागे पेन्सिलीने नंबर टाकले. मैत्रिणींनो, खरं काम रंगाचं नाहीच, ते फोडणीच्या चिकट थराचं. तो सोड्याच्या कोमट पाण्याने नीट निघाला नाही, तर नवा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, भेगांत लांबी, प्रायमर, २२० नंबरने हलकी घासणी आणि ऑइलपेंटचे दोन पातळ हात, मध्ये एक रात्र जाऊ देऊन. (हे सगळं अंगणात, गॅसपासून लांब. टर्पेंटाइन चटकन पेटतं.) खर्च जेमतेम साडेतीन हजार.

"हे काय बायकांचं काम आहे?" शेजारच्या काकूंनी विचारलंच. काकू, या कपाटांपुढे दिवसभर उभं राहणं बायकांचं काम, मग ती ठेवायची की मोडायची हे ठरवणं का नाही?

हो, पहिल्या दारावर ओघळ आलेत. पण ते सिलिंडरच्या कप्प्याचं. तिकडे कोण बघतंय!