मावळत नसलेला सूर्य आणि रात्रीची गोळी

कॅनडातील मुलांकडे उन्हाळ्यात जाणारे आईवडील अलीकडे नायगारा पाहून थांबत नाहीत. युकॉनमधील डेम्पस्टर महामार्गाने गाडीतून जाण्याचा बेत असल्याचे सत्तरी ओलांडलेले काही जण सांगतात आणि विचारतात, ‘आम्हाला झेपेल ना?’

बहुतेकांना झेपेल. तेथे लडाखप्रमाणे विरळ हवेचा प्रश्न नाही. अडचण आहे ती अंतराची. १९७९ मध्ये खुला झालेला हा रस्ता डॉसन सिटीपासून सुमारे ४० किलोमीटरवर सुरू होऊन सुमारे ७४० किलोमीटर उत्तरेस इनुविकला पोहोचतो. खालची कायम गोठलेली जमीन वितळू नये म्हणून खडीचा जाड भराव घालून तो उभारला आहे. टूम्बस्टोनचे सुळके, मग क्षितिजापर्यंत वृक्षहीन टुंड्रा. हे वैभव खरेच दुर्मीळ. परंतु पेट्रोल आणि निवारा प्रथम मिळतो तो ३६९ व्या किलोमीटरवर, ईगल प्लेन्सला. मोबाइलला बहुतांश वाटेवर रेंज नसते.

अशा वाटेवर ज्येष्ठ मंडळी एक गोष्ट हमखास करतात: वारंवार लघवीला उतरावे लागू नये म्हणून पाणी कमी पितात आणि लघवी वाढवणारी गोळी परस्पर बंद ठेवतात. संकोच समजण्याजोगा आहे. परिणाम मात्र गंभीर होऊ शकतो. हृदय दुर्बल असलेल्यांना गोळी चुकल्यास पायांवर सूज येते, आडवे झाल्यावर धाप लागते. पाणी कमी पडले तर चक्कर येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. त्यातच तासन्‌तास पाय लोंबते ठेवून बसल्याने पोटरीच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. गोळी टाळण्याऐवजी मुक्कामी पोहोचल्यावर, दुपारी उशिरा घेता येईल काय, हे निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावे. ती झोपण्याच्या वेळी मात्र नको. अनोळखी खोलीत रात्री उठताना माणसे पडतात. गाडीत युरिन पॉट ठेवण्यात लाजण्यासारखे काही नाही. दर दीड तासाने खाली उतरून चार पावले चालावे. डासांची तयारी ठेवूनच!

दुसरी गफलत वेळेची. जूनमध्ये इनुविकला सूर्य मावळतच नाही. ‘अंधार पडला की गोळी’ ही सवय तेथे निरुपयोगी. शिवाय भारतात सकाळचे आठ वाजतात तेव्हा युकॉनमध्ये आदल्या संध्याकाळचे साडेसात झालेले असतात आणि पुढे नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये शिरल्यावर उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे जाते. दिवसातून एकदा घ्यायच्या बहुतेक गोळ्यांना तासाभराने फरक पडत नाही. इन्सुलिनच्या वेळा मात्र डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात. ते उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि गोठूही देऊ नये. विस्मरणाचा विकार असलेल्यांचा गोंधळ अखंड उजेडात वाढू शकतो. त्यांच्या खोलीला जाड पडदे हवेत आणि सोबतीला ओळखीचे माणूस. अशा रुग्णांसाठी मी हा प्रवास सहसा सुचवत नाही.

प्रवासविम्यात जुन्या आजारांचा समावेश आहे काय आणि विमानाने रुग्ण हलवण्याचा खर्च मिळतो काय, हे मुलांनी वाचून घ्यावे. औषधांच्या दोन पिशव्या कराव्यात: एक आजी-आजोबांच्या हाताशी, दुसरी गाडी चालवणाऱ्याजवळ. दोहोंत औषधांच्या मूळ नावांची यादी असावी, कारण आपली व्यापारी नावे तिकडे कोणी ओळखत नाही.