ड्रॅगनला शिव्या कशाला?

‘हल्लीची मुले वाचत नाहीत’ म्हणून गळा काढणारी मंडळीच पोराच्या हातात ‘एरागॉन’ दिसला की नाक मुरडतात. ड्रॅगन म्हणे! परक्यांची भुताटकी! पोरगा ५०० पानांचा ठोकळा आपणहून संपवतो आहे, त्याचे मात्र कौतुक नाही.

आहे काय त्यात? शेतावर राहणाऱ्या १५ वर्षांच्या मुलाला निळा दगड सापडतो. तो दगड नव्हे, अंडे निघते. त्यातून आलेल्या साफिराला तो लपवून वाढवतो. दोघे मनातल्या मनात बोलतात. तो चुकला तर ती खडसावते, पण पाठ फिरवत नाही. त्या वयाला दुसरे काय हवे असते?

अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर पाओलिनीने ही कथा लिहायला घेतली तेव्हा तोही १५ वर्षांचाच होता. २००२ साली पुस्तक घरच्यांनीच काढले. २००३ मध्ये मोठ्या प्रकाशकाने उचलले. टोल्किनची उसनवारी त्यात आहे, हे टीकाकारांचे म्हणणे खरे. पण पोरे उसनवारी मोजत बसत नाहीत, सोबत शोधतात.

आणि अद्भुताचे आपल्याला वावडे कधीपासून? नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आपल्याच वाचकांनी डोक्यावर घेतला होता. गोव्यात तर वेशीवर देवचार राखण करतो, त्याच्या काठीचा आवाज ऐकल्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. आपण मात्र मुलांच्या पानात तात्पर्येच वाढत बसलो.

ड्रॅगनचा एवढाच राग असेल, तर देवचाराची ५०० पानी कादंबरी मराठीत लिहायला बसा. पोरे रात्र जागवून वाचतील. ते जमत नसेल, तर निदान त्यांच्या हातातले पुस्तक ओढू नका.