बोलू लागला म्हणून सोडू नका

कोरियन शिकवण्यातले सर्वांत सोपे काम म्हणजे लिपी. राजा सेजोंगच्या काळात, 1443 मध्ये ती तयार झाली आणि 1446 मध्ये जाहीर झाली. 14 मूळ व्यंजने, 10 मूळ स्वर. चुणचुणीत मूल पंधरवड्यात पाट्या वाचू लागते. हौसेने आलेले स्वयंसेवक तेवढ्यावरच समाधान मानून निघून जातात, याला माझा आक्षेप आहे.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे दक्षिण कोरियात होतो. शनिवारी मेट्रोने सोलहून आन्सानला जाऊन परदेशी कुटुंबांतल्या लहान मुलांचा अभ्यास घेत असे. आन्सानजवळ कारखान्यांचा मोठा पट्टा आहे, त्यामुळे तिथे अनेक देशांची माणसे राहतात. शिकवायचे काम कोरियन विद्यार्थी करत. मी शेजारी बसून गृहपाठ करून घेई. माझे अडखळते कोरियन ऐकून मुलांना धीर येतो, असे केंद्राच्या बाई म्हणत. ती स्तुती होती की नाही, कोण जाणे!

यातली बरीच मुले नावागावाने कोरियनच. 1937 मध्ये स्टालिनने रशियाच्या पूर्व टोकाकडचे कोरियन लोक उचलून मध्य आशियात नेऊन टाकले. त्यांची पणतवंडे आता उझबेकिस्तान, कझाकस्तानातून परत येत आहेत. आडनाव किम, चेहरा कोरियन, पण भाषा रशियन. वर्गशिक्षकाला वाटते, हा मुद्दाम बोलत नाही.

खेळाच्या मैदानावर हीच मुले वर्षभरात पोपटासारखी बोलू लागतात. तिथेच फसगत होते. तिसरीच्या गणितात अपूर्णांक येतात. अपूर्णांकाला कोरियनमध्ये ‘पुनसू’ म्हणतात, आणि बागेतल्या कारंज्यालाही ‘पुनसू’च. मुलाला कारंजे ठाऊक. फळ्यावर भाकरीसारखे वर्तुळ काढून शिक्षक कारंज्याबद्दल काय सांगताहेत, हे त्याला कळत नाही आणि तो विचारतही नाही. पाठ्यपुस्तकातले असे अनेक शब्द चिनी मुळाचे आहेत, ते मैदानावर कानावर पडत नाहीत. मग ‘बोलतो तर छान, अभ्यासात मात्र मंद’ असा शिक्का बसतो. मूल मंद नसते, त्याला शब्द मिळालेला नसतो.

दुसरी अडचण आदराची. मित्रांत वापरायची साधी बोली म्हणजे ‘बानमाल’. मुले आधी तीच उचलतात आणि शिक्षकांशीही तशीच बोलतात. आपल्याकडे एखाद्या मुलाने सरांना ‘तू जेवलास का?’ विचारावे, तसे ते ऐकू येते. तिथे तर जेवणाचा शब्दही बदलतो: बरोबरीच्याचे जेवण ‘पाप’ (मराठी कानाला गंमत वाटते खरी), आजोबांचे ‘चिंजी’. हा फरक खेळगाण्यांतून समजत नाही. कोणीतरी महिनोन्‌महिने शेजारी बसून, न रागावता, वाक्याचा शेवट सुधारून द्यावा लागतो. दोन महिन्यांनी बदलणारा स्वयंसेवक ते करू शकत नाही.

काही जण उत्साहात ‘इथे फक्त कोरियन’ असा नियम लावतात. मला तो अजिबात मान्य नाही. तो अपूर्णांक एका मोठ्या मुलीने धाकट्याला रशियनमध्ये मिनिटभरात समजावला होता. शिवाय आईशी बोलायची भाषाच गेली, तर ते मूल मनातले सांगणार कोणाला?

सरकार करत नाही असे नाही. बहुसांस्कृतिक कुटुंबांसाठी 2008 मध्ये कायदा झाला. पण त्याच्या व्याख्येत घरात कोणीतरी कोरियन नागरिक असावा लागतो. आईवडील दोघेही परदेशी असतील, तर ते मूल व्याख्येबाहेर राहते आणि स्वयंसेवकाच्या आधाराची गरज त्यालाच अधिक असते.

कॅडेटांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. पूर्वी कोरियात, दिसण्यावरून मिश्र वंशाचा वाटणारा तरुण सक्तीच्या सैन्यसेवेबाहेर ठेवला जाई. 2011 पासून ते थांबले. म्हणजे आज तिसरीत कारंज्यापाशी अडकलेला मुलगा कोरियन नागरिक असेल, तर उद्या त्याच रांगेत उभा राहील, तेच हुकूम ऐकेल.

बदलीच्या गावी घरात मराठी, मैदानावर हिंदी आणि वर्गात इंग्रजी असलेल्या आपल्या वाचकांना हे समजायला जड जाऊ नये. शाळेच्या आसपास इमारतींच्या कामांवर परप्रांतातून आलेल्या मजुरांची मुले असतात. तिथे समाजसेवेला जाणाऱ्या तुकडीने एका दिवसात पन्नास मुलांना वह्या वाटण्यापेक्षा, एका कॅडेटने एकच मूल वर्षभर सांभाळावे, असे मला वाटते. नोंदवहीत सेवेचे तास लिहिण्याऐवजी त्या मुलाचे नाव, त्याची घरची भाषा आणि या आठवड्यात त्याला न कळलेला एक शब्द लिहावा. पुढच्या आठवड्यात सुरुवात त्या शब्दापासून करावी.